तुस्कानो सरांचं सायगॉन

तुस्कानो सरांना एखादी गोष्ट आवडली, असं पहिली काही वर्षं तरी माझ्या कानावर आलं नाही. ऑफिसात चहा आला की ते आधी कपाच्या कडेकडे बघायचे, मग चहाकडे, मग चहा आणणाऱ्या माणसाकडे. दोन बोटांनी कप इंचभर लांब सरकवायचे आणि म्हणायचे, "ठेव." म्हणजे चहा वाईट आहे, पण तुझ्या हातून याहून बरा होणार नाही हे मी स्वीकारलंय. तो गरीब माणूस रोज खजील होऊन जायचा. सर चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे.

बावतीस तुस्कानो. वसईचे. दुबईच्या देरा भागातल्या ज्या मसाल्याच्या ट्रेडिंग कंपनीत मी डॉक्युमेंटेशनला होते, तिथे ते क्वालिटी इन्स्पेक्टर. पन्नाशी ओलांडलेली, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहरा असा की समोरच्याला आपल्या कॉलरवर डाग असल्याची शंका यावी. बायको आणि दोन मुली वसईला. इथे करामाच्या एका जुन्या बिल्डिंगीत चार जणांबरोबर एका खोलीत, खाटेवरच्या खाटेवर, पडदा लावून त्यांचं दुबई. मी दोन गल्ल्या सोडून राहायचे, नवरा आणि मुलासह. कंपनीची व्हॅन आम्हाला एकत्र उचलायची. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी ट्रॅफिक असेल तसा. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून जगाची निंदा ऐकली.

निंदा हा त्यांचा स्वभाव होता म्हणावं तर तो त्यांचा पगारही होता. आमची कंपनी मिळेल तिथून मिरी घ्यायची आणि खपेल तिथे विकायची. प्रत्येक करारात एक ओळ असायची, की मालाची शेवटची तपासणी दुबईत होईल आणि पैसे त्यानंतर. दिसायला साधी ओळ. माल समुद्रात असताना बाजार चढला, तर माल उत्तम निघायचा. बाजार पडला, की सेठ केबिनचं दार अर्धं उघडून म्हणायचे, "तुस्कानो, कुछ निकालो." आणि तुस्कानो सर काढायचे. ओलावा काढायचे, पोचट दाणे काढायचे, काडी, माती, बुरशीचा वास काढायचे. जे काढायचे ते तिथे असायचंच. खोटं एक अक्षर लिहायचे नाहीत. फक्त एरवी ज्याकडे काणाडोळा करायचा ते बाजार पडला की डोळ्यांत तेल घालून बघायचं, एवढंच. "खोट नाही असा माल देवानेसुद्धा केलेला नाही," हे त्यांचं वाक्य. मग मी टाइप करायचे, वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू. समोरचा व्यापारी केरळात किंवा इंडोनेशियात कपाळाला हात लावायचा, आणि सेठ तोच माल निम्म्या भावात उचलायचे. अशा कंपनीत आम्ही सगळे देवाचे फोटो लावून आणि सुट्टीच्या शुक्रवारी आंघोळीला उशीर करून सुखाने राहत होतो.

हे आधीच सांगून टाकते, की ज्या दिवशी तुस्कानो सरांना मालात काही सापडलं नाही, त्या दिवशी त्यांची नोकरी गेली. आणि ते सापडेनासं झालं त्याला एक शहर कारण आहे.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा व्हिएतनामची मिरी स्वस्त आहे अशी बातमी सेठना लागली. त्यांनी सरांना सायगॉनला पाठवलं. कागदोपत्री त्या शहराचं नाव हो चि मिन्ह सिटी, पण तिथलेच लोक सायगॉन म्हणतात, म्हणून सरही म्हणायचे. बँकॉकवरून गेले, आठ दिवसांनी परत आले, आणि व्हॅनमध्ये बसल्या बसल्या सुरू झाले.

"बाय, ते शहर नाही. कोणीतरी पिशवी उलटी केलीय. रस्त्यावर नुसत्या मोटारसायकली. एका गाडीवर नवरा, बायको, दोन पोरं आणि मागे जिवंत डुक्कर बांधलेलं. हॉर्न कशासाठी वाजवतात ते वाजवणाऱ्याला माहीत नाही. मोठमोठी माणसं फुटपाथवर बालवाडीतल्या स्टुलांवर बसतात, गुडघे कानाला लावून, आणि सूप पितात. सकाळी सहाला सूप! सूपात वरून पाला. आपण बकरीला घालतो तसला."

"स्वस्त असेल ना सर?"

"दोन दिरहॅम. म्हणजे वीस रुपये. वीस रुपयांत बकरीसुद्धा नको म्हणेल."

मग फुटपाथवरचे न्हावी आले. भिंतीला आरसा, समोर खुर्ची, झालं दुकान. दाढी ठीक आहे, पण ते कान कोरतात. कपाळाला दिवा बांधायचा आणि लांबच लांब सळ्यांनी भर रस्त्यात लोकांचे कान साफ करायचे, आणि गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेलं, शेजारून ट्रक जातोय. हे सांगताना सरांनी खरोखर स्वतःच्या कानावर हात ठेवला होता.

पण त्यांचा खरा राग होता तो दुपारच्या झोपेवर. मिरी पुरवणारी बाई म्हणजे मादाम लिएन. तिच्या गोदामात सर पहिल्या दिवशी एक वाजता पोचले. गोदाम उघडं आणि सगळे झोपलेले. हमाल पोत्यांवर, हिशेबनीस टेबलावर, एक जण तर मोटारसायकलवरच आडवा, पाय हँडलवर. मालकीणबाई दारात घडीच्या खाटेवर. दुबईहून खास तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरने घसा खाकरला. तिने एक डोळा उघडला, "टू ओ'क्लॉक," म्हणाली, आणि मिटला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? बसलो. त्या स्टुलावर. एक तास." सर खिडकीबाहेर बघत राहिले. "इथली शिस्त बघ आणि ते बघ."

इथली शिस्त त्यांना आठवड्यातून सहा दिवस व्हॅनच्या काचेतून दिसायची. बाकी दुबईत त्यांचं म्हणून काय होतं, तर एक खाट, एक पडदा, आणि फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवलेला लोणच्याचा डबा. पण आमच्यातला प्रत्येक जण त्या चकचकीत रस्त्यांचा असा अभिमान बाळगायचा जणू डांबर आपण ओतलंय. मीही बाळगायचे. सुट्टीत पुण्याला गेले की चुलत्यांच्या घरी नाक मुरडायचे, धूळ केवढी म्हणायचे. त्यामुळे सरांना हसायचा मला फारसा अधिकार नव्हता. तरी मी हसायचे.

वर्षातून दोन-तीनदा त्यांची सायगॉनची फेरी ठरून गेली. प्रत्येक खेपेला नवी यादी. माशाच्या सॉसचा वास शर्टातून जात नाही. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना अर्धी माणसं बाहेर अंगणात, आपापल्या मोटारसायकलवर बसून प्रार्थना करतात, उतरायचेही कष्ट नाहीत. ही तक्रार त्यांनी मला तीनदा सांगितली. वसईचा माणूस, चर्चच्या बाबतीत फार कडक.

तिसऱ्या का चौथ्या फेरीत ते लाल फुलीचं प्रकरण झालं.

सरांची तपासायची एक पद्धत होती. समोरच्या पोत्यांना हात लावायचा नाही. व्यापारी चांगला माल पुढे ठेवतात. मागची, खालची, कोपऱ्यातली पोती काढायला लावायची, पोकळ सळई खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायचे, एक चावायचा, लिटरच्या मापात भरून वजन करायचं, म्हणजे पोचट दाणे लपत नाहीत. त्या खेपेला मादाम लिएनने स्वतःच चाळीस पोती बाजूला काढून ठेवली होती. खुणेने आणि तुटक इंग्रजीत सांगितलं, ही भिजलीयत, ही घेऊ नका, बाकीची घ्या.

आता सरांसारख्या माणसाला कोणी आपण होऊन सांगितलं की हे वाईट आहे, तर त्याने काय समजायचं? ते समजायचं तेच समजले. बाई चांगला माल दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी लपवतेय. सळईने नमुने काढले, पण मन आधीच ठरलेलं. जिभेला जे कळलं तेही त्यांनी ऐकलं नसावं. भिजलेली चाळीस पोती त्यांनी पास केली, आणि चांगल्यातल्या चाळीसांवर लाल रंगाने फुल्या मारल्या. बाई दोनदा काहीतरी बोलायला गेली, त्यांनी हात वर केला. संध्याकाळी मला ऑफिसात फोन, "बाय, मला बनवायला निघाली होती. मला!"

महिन्याभराने कंटेनर आला. सरांनी उघडायला लावला आणि आमच्या गोदामात उभे राहिले. आत पोती, आणि दर चार-पाच पोत्यांमागे एकावर लाल फुली. त्यांनी नाकारलेली सगळी पोती हजर. पास केलेली चाळीस त्यांत नव्हतीच. मिरी कशी होती म्हणाल, तर काळीभोर, टणक, वजनदार. कागदांबरोबर एक चिठ्ठी होती, इंग्रजी मोडकंतोडकं, अर्थ सरळ: मिस्टर तुस्कानो त्या दिवशी दमले होते, म्हणून मी चांगली पोती पाठवली आहेत.

सर पेटले. इन्स्पेक्टरने नाकारलेला माल भरलाच कसा? हा करारभंग आहे, माल परत पाठवा, बाय, पत्र टाइप कर. मी अर्धं टाइपही केलं. सेठ बाहेर आले, मूठभर मिरी नाकाशी नेली, म्हणाले, "हबीबी, माल अच्छा है, मार्केट भी अच्छा है. खलास." आणि आत गेले. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये एकदम म्हणाले, "तिने हेड ऑफिसला फॅक्स करून माझी तक्रार करायला हवी होती."

"केली नाही ना?"

"नाही. तेच म्हणतोय. मी तिच्या जागी असतो तर केली असती."

त्यानंतर काय बदललं ते एका झटक्यात सांगता येणार नाही, कारण ते एका झटक्यात बदललं नाही. पुढच्या खेपेहून आले तेव्हा व्हॅनमध्ये पहिले दोन दिवस निंदाच नाही. मला वाटलं आजारी आहेत. त्याच्या पुढच्या खेपेला एक दिवस जास्त राहून आले, स्वतःच्या रजेतून. मग निंदा परत सुरू झाली, पण तिचं तोंड फिरलं होतं. शेख झायेद रोडवरच्या नव्या टॉवरांकडे बघून म्हणायचे, "एवढ्या मोठ्या रस्त्यावर चालणारा एक माणूस दाखव. एक." आमच्या ऑफिसातल्या हवेला थंड शवागार म्हणायला लागले. दुपारी एकला खुर्चीत मान मागे टाकून झोपायला लागले. सेठ शेजारून जाताना टेबलावर टिचकी मारायचे, "यल्ला तुस्कानो, यल्ला." सर एक डोळा उघडून घड्याळ बघायचे आणि मिटायचे.

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. आयुष्यभर जगाला नावं ठेवणाऱ्या म्हाताऱ्याला उतारवयात एका गलिच्छ गावाचा पुळका आला, असं मी नवऱ्याला सांगायचे, नक्कल करून. नवरा मनापासून हसायचा. करामातल्या आमच्या मराठी मंडळींच्या गेट-टुगेदरला तर माझा तो ठरलेला आयटम होता, पहिल्या खेपेचं सूप आणि दहाव्या खेपेचं सूप. लोक पुन्हा करायला लावायचे.

मग एकदा मलाच त्यांच्याबरोबर जावं लागलं. सायगॉनहून येणारे कागद दर वेळी काहीतरी चुकलेले असायचे. सेठ म्हणाले, मॅडम, आप खुद जाके सिखाके आओ. मी जंतुनाशकाची बाटली, बिस्किटांचे पुडे आणि चेहऱ्यावर सरांचाच जुना भाव घेऊन गेले.

शहर त्यांनी सांगितलं होतं तसंच होतं. तोच मोटारसायकलींचा पूर, तेच हॉर्न, तोच वास. मादाम लिएन चाळिशी ओलांडलेली बुटकी बाई, घरातल्या फुलाफुलांच्या कपड्यांवर गोदाम चालवायची. तिने माझ्यापुढे स्टूल सरकवलं. मी रुमाल टाकून बसले. तिला ते दिसलं आणि तिने दुसरा, स्वच्छ फडका आणून दिला. मला शरम वाटायला हवी होती, पण मला वाटलं, बघा, हिलाही माहीत आहे की स्टूल घाण आहे.

सर तिथे वेगळेच होते. मोठ्याने बोलत होते. हमालांना नावाने हाक मारत होते, आणि ते हसत होते, म्हणजे उच्चार चुकत असावेत. त्यांनी एका पोत्यात सळई घातली, दाणा चावला, थुंकला, आणि तोंड वेडंवाकडं केलं. मादाम लिएनने तसंच तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. सगळं गोदाम हसलं. पोतं बदलून आलं.

एक ते दोन मी मोकळी होते, कारण शहर झोपलं होतं. बाहेर पडले तर गल्लीच्या तोंडाशी भिंतीला आरसा, खुर्ची, आणि खुर्चीत तुस्कानो सर. मान कललेली, डोळे मिटलेले. कपाळाला दिवा बांधलेला एक सुरकुतलेला माणूस त्यांच्या कानात हातभर लांब सळई घालून अगदी सावकाश काहीतरी करत होता. बाजूने मोटारसायकली चालल्या होत्या. सरांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बारा वर्षांत आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण उभी राहिले. न्हाव्याने खांद्यावर थाप मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

ओशाळले नाहीत. शेजारच्या स्टुलाकडे हात केला, मी बसले.

"बाय," ते म्हणाले, "सव्वीस वर्षं मी कुठल्याही गोदामात शिरलो की लोकांचे चेहरे पडतात. कोचीनला तर मला बघून एक म्हातारा पाणी प्यायला लागायचा. मला वाटायचं हा मान आहे. इथे मला कोणी घाबरतच नाही. खोट दाखवली की हसतात आणि बदलून देतात. मला हे गाव आवडतं."

मी म्हटलं, "कानाला इन्फेक्शन होईल सर."

"होऊ दे," ते म्हणाले.

दुबईला आल्यावर याचाही मी आयटम केला. तो आधीच्यापेक्षा जास्त चालला.

नवं शतक लागलं आणि मिरीचा बाजार कोसळला. आमचे पाच कंटेनर मादाम लिएनकडून जुन्या चढ्या भावाने बांधलेले होते आणि बंदराला लागत होते. तिने तेवढा माल एकदम कधीच कुणाला दिला नव्हता. शेतकऱ्यांकडून स्वतःच्या शब्दावर उचललेला होता, हे सरांनी मला व्हॅनमध्ये सांगितलं होतं. आम्ही माल नाकारला तर ती बुडणार, हे ऑफिसात सगळ्यांना कळत होतं. कोणी बोलत नव्हतं, कारण असे बुडणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते.

सेठनी केबिनचं दार अर्धं उघडलं. "तुस्कानो, कुछ निकालो."

सरांनी तीन दिवस घेतले. पाचही कंटेनर उघडले, दर कंटेनरमधली मागची पोती काढली, खालची काढली. मी दोनदा गोदामात कागद घेऊन गेले तेव्हा ते माप भरून वजन करत होते, पुन्हा ओतत होते, पुन्हा भरत होते. ते शोधत होते, हे मी शपथेवर सांगेन. ते त्यांच्याच हातांनी त्या बाईला बुडवायला काही सापडतंय का ते शोधत होते, कारण तेच त्यांना येत होतं, आणि व्हिसा कंपनीचा होता, आणि धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. माल करारानुसार. खाली सही. मी नेहमीसारखा शिक्का मारला, एक प्रत सेठना दिली, एक फाईलला लावली.

केबिनमध्ये काय झालं ते काचेतून दिसत होतं, ऐकूही येत होतं.

"काडी नहीं? मिट्टी नहीं? तुमने तो सोने में से मिट्टी निकाली है."

"आहे सेठ. सगळ्या मिरीत असते तेवढी आहे."

"तो लिखो ना वो."

"तेवढी चालते. करारात लिहिलंय चालते."

"हर बार चालते, लेकिन तुम लिखते थे."

सर म्हणाले, "हो. लिहायचो."

सेठ ओरडले नाहीत. ते चांगले मालक होते, ओरडायचे नाहीत. म्हणाले, उमर हो गई तुस्कानो, अब घर जाओ. व्हिसा कॅन्सल करायचा कागद त्याच दुपारी माझ्याकडे आला. आणि त्यामागोमाग दुसरा प्रश्न आला, की नाकारण्याच्या पत्रावर सही कोण करणार. सेठनी बाहेर येऊन सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि माझ्यापाशी थांबले. मॅडम, आप तो सायगॉन हो के आए हो, आपको माल का आयडिया है.

माझा मुलगा पाचवीत होता, नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करत होते, ही कारणं मी नंतर बरीच वर्षं बऱ्याच जणांना सांगितली. ती खरीही आहेत. पण त्या क्षणी मला त्यांतलं एकही आठवलं नव्हतं. सेठनी विचारलं आणि मी हो म्हटलं, इतकं ते सोपं होतं. पत्रात मी ओलावा लिहिला, बुरशीचा वास लिहिला. मला मिरीचा वास घेता येत नाही. वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू. खाली माझं नाव, आणि नावाखाली क्वालिटी कंट्रोल.

सर शेवटचे आले ते पासपोर्ट घ्यायला. टेबल आधीच आवरून घेतलं होतं त्यांचं. कपाटाची किल्ली, गोदामाचा पास, सगळं काढून घेतलेलं. मी कागद पुढे केले, ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत सह्या करत गेले. मी मान वर केली नाही. मला वाटत होतं की आता तो भाव येईल, कपाच्या कडेकडे बघतानाचा. मी तयार होते. खरं तर मला तो हवा होता.

"पत्रावर सही तुझी आहे ना, बाय?"

"हो सर."

"बरं." त्यांनी पेन बंद केलं. "ते गेलं ते गेलं. आता ऐक. माझ्या रिपोर्टची कॉपी फाईलमध्ये आहे. शिक्क्याची. माझ्याकडे एकही नाही, मी मागितली तर देणार नाहीत. ती मादामला फॅक्स कर. ती वकिलाला दाखवेल, मग सेठला माल सोडवावाच लागेल. एक पान आहे फक्त."

"करते सर."

"आत्ता नको. सेठ जेवायला जाऊ देत. तुझ्यावर यायला नको." ते उठले. आणि मग म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं आहे. दुसऱ्या कोणाला सांगता आलं नसतं."

त्यांनी चहाच्या माणसाचा निरोप घेतला, सेठच्या काचेकडे मान लववली आणि गेले.

पाच-दहा मिनिटांत सेठ जेवायला गेले. ऑफिस रिकामं होतं. मी फाईल काढली, क्लिप उघडली, पान हातात घेतलं आणि फॅक्सपाशी उभी राहिले. मशीन खिडकीला लागूनच होतं. खाली रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यावर तुस्कानो सर बाकावर बसले होते, पायाशी बॅग. आमचा मजला तिथून सरळ दिसतो. हा माणूस एरवी फॅक्स गेल्याची पट्टी बाहेर येईपर्यंत मशीनसमोरून हलला नसता, पट्टी उजेडात धरून नंबर ताडून बघितला असता, आणि तरी सायगॉनला फोन करून विचारलं असतं. मी वाट बघितली. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. जिन्यात कोणाचीतरी पावलं वाजली, बहुतेक शेजारच्या ऑफिसातली. मी पान परत फाईलला लावलं आणि फाईल कपाटात ठेवली. तोवर बस आली, आणि तुस्कानो सर काम उरकलेल्या माणसासारखे सावकाश चढले.